भाड्याची खोली सोडताना: डिपॉझिट, रंग, लाईट बिल आणि किल्ल्या



या आठवड्याच्या व्हिडिओत भाड्याचं घर सोडण्याबद्दल बोललो. बोलून जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. पण हिशेबाचे आकडे, नोटिशीचा मसुदा आणि कायद्याची कलमं ऐकून डोक्यात बसत नाहीत, ती डोळ्यांसमोर लागतात. म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा.

काही जण म्हणतील, धंद्याच्या चॅनलवर घरभाड्याचं काय काम? आपल्याकडे शिकायला येणारे लोक बघा. कुणी पुढच्या खोलीत शिलाई मशीन टाकलंय, कुणी स्वयंपाकघरातून डबे देतंय, कुणी हॉलमध्ये आरसा लावून पार्लर चालवतंय. यातले बरेच जण भाड्याने राहतात. त्यांच्यासाठी पंचवीस-तीस हजारांचं डिपॉझिट म्हणजे पुढच्या जागेचं भांडवल आहे. ते दोन महिने अडकलं की नवीन जागेचं डिपॉझिट उसनं काढावं लागतं, नाहीतर मालाचे पैसे तिकडे वळवावे लागतात. घर बदलताना धंदा कोलमडायची सुरुवात इथून होते.

आपल्या सोमेश्वरनगरला भाड्याचं चक्र दोन गोष्टींवर फिरतं, एक कारखाना आणि दुसरं शाळा-कॉलेज. दिवाळीच्या आगेमागे गाळप हंगाम सुरू झाला की खोल्यांना मागणी येते. ऊस संपला, पट्टा पडला, की काही खोल्या रिकाम्या होतात. मग मे-जूनमध्ये ॲडमिशन आणि बदल्यांमुळे परत हालचाल. हे चक्र लक्षात ठेवा, नोटीस कधी द्यायची ते ठरवताना त्याचा उपयोग आहे.

आणि एक गोष्ट आपल्याकडची खास. पुण्या-मुंबईत घरमालक हा दर महिन्याला ट्रान्सफर घेणारा माणूस असतो. इथे तो आपल्या दुकानाचा गिऱ्हाईक असतो, त्याची सून आपल्याकडे ब्लाऊज शिवायला टाकते, त्याचा पुतण्या आपल्या पोराच्या वर्गात असतो. त्यामुळे खरी अडचण कायद्याची कमी आणि भिडेची जास्त असते. पैसे मागायला तोंड उघडत नाही. मागितले तर संबंध बिघडतात आणि नाही मागितले तर पैसे जातात. माझं मत असं, की हिशेब आधी आणि लिहून केला तर दोन्ही वाचतं. भांडण होतं ते शेवटच्या दिवशी, टेम्पो दारात उभा असताना तोंडी हिशेब काढल्यावर.

डिपॉझिट कुणाचं?

अकाउंटिंगच्या भाषेत सांगतो. भाडं हा तुमचा खर्च आणि मालकाचं उत्पन्न. डिपॉझिट तसं नाही. ते तुमचं येणं आणि मालकाचं देणं आहे. तुमच्या वहीत ते खर्चाच्या पानावर लिहिलं असेल तर आजच खोडून येण्याच्या पानावर लिहा.

प्रत्यक्षात काय होतं? मालक ते पैसे बाजूला ठेवत नाही. वरच्या मजल्याचा स्लॅब, मुलीचं लग्न, खताची उधारी, कुठेतरी गेलेले असतात. तो वाईट माणूस असतो असं नाही, पण तुम्ही निघता त्या दिवशी त्याच्याकडे रोख नसते. मग तो काय करतो? नवीन भाडेकरूचं डिपॉझिट आलं की त्यातून तुमचं देतो. हे एकदा समजलं की तुमची चाल बदलते. नवीन भाडेकरू जितक्या लवकर येईल तितके तुमचे पैसे लवकर सुटतील. म्हणून लवकर सांगा, खोली बघायला येणाऱ्यांना दार उघडून दाखवा, आणि जमलं तर तुमच्या ओळखीतला माणूस तुम्हीच आणा. कारखान्यात, बँकेत, कॉलेजात कुणी ना कुणी नवीन लागलेलं असतं. मालकाला भाडेकरू शोधून देणाऱ्या भाडेकरूचं डिपॉझिट सहसा अडकत नाही.

‘शेवटचे दोन महिने भाडं देत नाही, डिपॉझिटमधून कापून घ्या’ हा आवडता जुगाड आहे. मालक लिहून हो म्हणाला असेल तरच करा. परस्पर केलं तर तुम्ही थकबाकीदार ठरता आणि मालकाला बोलायला जागा मिळते.

आधी कागद काढा

कपाटातून भाडेकरार काढा. महाराष्ट्रात घरांसाठी बहुतेक वेळा ‘लीव्ह अँड लायसन्स’ असतो, म्हणजे राहायची परवानगी. भाडेपट्टा वेगळा. परवान्यात जागेवर हक्क तयार होत नाही, ठरलेल्या मुदतीपुरतं राहायला मिळतं.

हे अकरा महिन्यांचं खूळ आलं कुठून? दोन कारणं आहेत. पहिलं, १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं आहे. अकरा महिने लिहिलं की नोंदणी वाचली, असा हिशेब. दुसरं कारण जुन्या भीतीचं. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यात १९७३ साली दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे परवानाधारक म्हणून जागेत राहत होते, ते भाडेकरू मानले गेले. त्यांना कायद्याचं संरक्षण मिळालं. ज्यांनी ‘थोड्या दिवसांसाठी’ म्हणून जागा दिली होती त्यांच्या हातून ती गेल्यासारखीच झाली. तेव्हापासून मालक मंडळी मुदतीला घाबरतात. आजही एखादे आप्पा म्हणतात, ‘वर्षाचा करार केला तर घर जाईल.’ ती भीती पन्नास वर्षांपूर्वीची आहे.

आता नियम वेगळा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, लागू झाला ३१ मार्च २००० पासून. त्याचं कलम ५५ सांगतं की करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. त्यात अकरा महिन्यांची सवलत नाही. नोंदणीची जबाबदारी मालकाची. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि भाडेकरूंनी पाठ करून ठेवावं असं वाक्य त्यातच आहे: लेखी नोंदवलेला करार नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे ‘कागदच नाही तर काय बोलणार’ असं म्हणून गप्प बसायचं कारण नाही. स्टॅम्प पेपरवर टाईप करून नोटरीचा शिक्का मारलेला करार म्हणजे नोंदणी नव्हे, एवढंही लक्षात घ्या.

नोंदणी महाग असते हा गैरसमजही काढून टाकू. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून ती रक्कम भाड्यात मिळवायची. भाडं ७,००० आणि डिपॉझिट २५,००० धरा. अकरा महिन्यांचं भाडं ७७,०००. डिपॉझिटवरचं अकरा महिन्यांचं व्याज साधारण २,२९२. बेरीज ७९,२९२. त्याचा पाव टक्का म्हणजे दोनशे रुपयांच्या आत. नोंदणी फी ग्रामीण भागात ५०० आणि शहरी हद्दीत १,०००. वर कागदपत्र हाताळणीचा थोडा खर्च आणि एजंट लावला तर त्याचे पैसे. आधार आणि अंगठा लावून ऑनलाईन नोंदणी होते, बारामतीच्या रजिस्टर ऑफिसला चकरा मारायची गरज राहत नाही. पुढच्या घराच्या वेळी हे आठवा.

करारात तीन गोष्टी शोधा: नोटिशीचा काळ, लॉक-इन आणि रंगाची अट. लॉक-इन म्हणजे अमुक महिने कुणीच सोडायचं नाही. त्याआधी निघालात तर उरलेल्या महिन्यांचं भाडं मागितलं जाऊ शकतं. मुदत संपल्यावरही तुम्ही राहत असाल तर जास्त सावध राहा. नोंदवलेल्या निवासी परवान्याची मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर कलम २४ प्रमाणे दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. ‘चालू द्या हो’ असं मालक तोंडी म्हणाला असेल तर त्याचा एक मेसेज तरी घेऊन ठेवा.

नोटीस म्हणजे भांडण नव्हे

‘नोटीस’ म्हटलं की लोकांना वकील आणि कोर्ट दिसतं. घर सोडायची नोटीस म्हणजे साधं कळवणं. करारात महिनाभर लिहिलं असेल तर महिना. काहीच ठरलं नसेल आणि महिन्याच्या भाड्याने राहत असाल, तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ मध्ये पंधरा दिवस आहेत, आणि ते नोटीस मिळाल्यापासून मोजतात. माझा सल्ला, पंधरा दिवस चालत असले तरी महिना द्या. मालकाला माणूस शोधायला वेळ मिळतो, आणि वर सांगितलं तसं, त्याचा वेळ म्हणजे तुमचेच पैसे.

डिपॉझिट रोख दिलंय आणि कुठेच लिहिलेलं नाही, अशी केस असेल तर सगळ्यात आधी ते लिहून घ्या. साधा मेसेज टाका: ‘काका, वहीत हिशेब लिहितोय. घर घेताना आपल्याला २५,००० डिपॉझिट दिलं होतं, बरोबर ना?’ ते ‘हो’ म्हणाले की काम झालं. यूपीआयने किंवा चेकने दिलं असेल तर बँकेचं स्टेटमेंट काढून ठेवा.

मग आधी भेटून सांगा. आपल्याकडे थेट मेसेज टाकला तर माणूस दुखावतो. चहा प्यायला जा, बोला, ‘काका, आता मशीन दोन झाली, जागा पुरत नाही, म्हणून रस्त्याच्या कडेला बघतोय.’ आणि त्याच दिवशी संध्याकाळी लिहून पाठवा. मसुदा असा:

‘आदरणीय काका, आज आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे मी आपल्या घरातील वरच्या मजल्यावरची खोली दि. ३० एप्रिल रोजी खाली करत आहे. ही एक महिन्याची सूचना समजावी. एप्रिलचं भाडं नेहमीप्रमाणे ५ तारखेला जमा करतो. आपल्याकडे माझं २५,००० रुपये डिपॉझिट आहे. दि. २७ रोजी संध्याकाळी आपण दोघं खोली बघून लाईट बिल आणि दुरुस्तीचा हिशेब करू, म्हणजे ३० तारखेला किल्ल्या आणि पैसे एकाच वेळी देता-घेता येतील. कुणाला खोली दाखवायची असेल तर संध्याकाळी सहानंतर कधीही पाठवा. आपला, …’

यात धमकी नाही, कलम नाही. पण तारीख आहे, रक्कम आहे, आणि किल्ल्या व पैसे एकाच वेळी हे वाक्य आहे. मालकाचं उत्तर येऊ द्या, नुसत्या निळ्या खुणेवर समाधान मानू नका. मालक बाहेरगावी असेल किंवा संबंध आधीच ताणलेले असतील तर हाच मजकूर पोस्टाने, पोच मिळेल अशा पद्धतीने पाठवा.

रंगाचे पैसे: इथेच खरी लढाई

डिपॉझिटमधून सगळ्यात जास्त पैसे कशात जातात? रंगात. ‘रंग काढावा लागेल, नऊ हजार कापतो.’ भाडेकरू मान डोलावतो, कारण भिंतीवर खरंच पोरांनी रेघोट्या मारलेल्या असतात.

करारात ‘जाताना रंगासाठी एक महिन्याचं भाडं कापलं जाईल’ असं लिहून तुम्ही सही केली असेल, तर द्यावं लागेल. वाद घालू नका. पण तसं काही लिहिलेलं नसेल, तर नियम साधा आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ सांगतं की भाडेकरूने जागा जशी घेतली तशी परत द्यायची, पण नेहमीच्या वापराने झालेली झीज सोडून. झीज आणि नुकसान यात फरक आहे. ऊन लागून रंग उडाला, खुर्चीच्या पाठीने भिंत काळी पडली, ओट्यामागे फोडणीचा थोडा थर बसला, ही झीज. बेसिन फुटलं, दाराला भोक पडलं, सिगारेटने फरशी जळली, हे नुकसान. झिजेचे पैसे भाड्यात आलेले असतात.

आता आपला घसाऱ्याचा धडा इथे वापरा. मशीन घेतलं की आपण त्याची किंमत पाच वर्षांवर वाटतो ना? रंगाचंही तेच. समजा तुम्ही आलात तेव्हा भिंतीला नवा डिस्टेंपर होता आणि तो पाच वर्षं टिकतो असं दोघांनी धरलं. तुम्ही तीन वर्षं राहिलात. म्हणजे रंगाचं तीन पंचमांश आयुष्य तुमच्या भाड्यात वसूल झालं. आता समजा पोरांनी भिंत इतकी खराब केली की रंग आत्ताच द्यावा लागतोय. मग तुमच्या वाट्याला उरलेले दोन पंचमांश, ९,००० चे ३,६००. पूर्ण नऊ हजार नव्हेत. आणि तुम्ही आलात तेव्हाच रंग चार वर्षांचा होता आणि तुम्ही तीन वर्षं राहिलात, तर तुमच्याकडून शून्य. तो रंग मालकाला तसाही द्यायचाच होता.

ही वाटणी कायद्यात आकड्यांनी लिहिलेली नाही, पण समोरच्याला पटते. कारखान्याच्या, शेतीच्या हिशेबात वाढलेल्या माणसाला घसारा समजावून सांगावा लागत नाही. ट्रॅक्टर तीन वर्षांनी विकला तर नव्याचे पैसे येत नाहीत हे त्याला माहीत असतं. तेच उदाहरण द्या.

डबे आणि पार्लर चालवणाऱ्या ताईंसाठी एक वेगळं. तुमच्या घरातली झीज घरगुती वापरापेक्षा जास्त असते. रोज चाळीस डब्यांची फोडणी बसली की छत तेलकट होतं, हेअर डायचे डाग फरशीतून निघत नाहीत. ‘घरगुती झीज आहे’ असं म्हणून चालणार नाही, तिथे प्रामाणिकपणे वाटा उचला. करारात ‘फक्त राहण्यासाठी’ लिहिलं असेल आणि आत धंदा चालत असेल तर मालक तोही मुद्दा काढू शकतो. पुढच्या घराच्या करारात ‘घरगुती स्वरूपाचा शिलाई व्यवसाय करण्यास मालकाची हरकत नाही’ अशी एक ओळ घालून घ्या.

लाईट बिल आणि भिंतीवरच्या वस्तू

लाईट बिल मागून येतं, त्यामुळे मालक अंदाजाने दीड-दोन हजार ठेवून घेतो. अंदाज कशाला? शेवटच्या बिलावर रीडिंग ४,३१२ आहे आणि ते बिल ११२ युनिटला ९८० रुपये आलं होतं, तर युनिटमागे ८ रुपये ७५ पैसे पडले. सोडायच्या दिवशी मीटरचा फोटो काढला, रीडिंग ४,३९८. वापर ८६ युनिट, रक्कम ७५२ रुपये ५० पैसे. ७५३ कापा आणि विषय संपवा. सबमीटर असेल तर ठरलेल्या दराने, त्यात अजून सोपं. मीटर मालकाच्या नावावर असतं, थकलेलं बिल शेवटी त्याच्या जागेवर येतं, म्हणून तो घाबरलेला असतो. मागची सगळी भरलेली बिलं दाखवली की निम्मी भीती जाते.

तुम्ही लावलेल्या वस्तू, म्हणजे एक्झॉस्ट फॅन, पार्लरचा आरसा, भिंतीतला रॅक, मशीनसाठी काढलेला जादा पॉइंट, या तुम्ही नेऊ शकता. कलम १०८ मध्ये तशी मुभा आहे, दोन अटींवर: जागा आधी होती तशी करून द्यायची, आणि ताबा देण्याआधी काढायच्या. किल्ल्या दिल्यावर ‘काका, आरसा राहिला’ म्हणून गेलात तर तो आरसा काकांच्या मर्जीवर. भोकं पुट्टी लावून बुजवा, शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे आणि पाहणीच्या वेळी भिंत बरी दिसते. जे काढायला महाग आणि मालकाला उपयोगी, उदाहरणार्थ ओट्याखालची कपाटं, ते त्यालाच पडत्या किमतीत विचारा.

आता पूर्ण हिशेब मांडू. मालकाने पहिल्यांदा तोंडी सांगितलं: रंग ९,०००, साफसफाई २,०००, लाईट अंदाजे १,५००, म्हणजे १२,५०० हातात. तुम्ही साफसफाई स्वतः केली, नळाची तोटी तुटली होती ती ४५० मान्य केली, लाईट ७५३ मोजून दाखवलं, रंगाचे ३,६०० कबूल केले. २५,००० वजा ४,८०३, बरोबर २०,१९७. फरक ७,६९७ रुपयांचा. भांडण शून्य, फक्त दोन फोटो आणि एक कागद.

ताबापावती

घर सोडलं कधी? सामान हललं तेव्हा नव्हे, ताबा दिला तेव्हा. किल्ल्या शेजारच्या काकूंकडे ठेवून टेम्पोबरोबर निघून जाणं ही आपली सवय. मग मालक म्हणतो, मला दहा दिवसांनी मिळाल्या, दहा दिवसांचं भाडं. किंवा खोलीत एक जुनी कॉट आणि दोन पोती ठेवून कुलूप लावायचं, ‘नंतर नेतो’. तोपर्यंत भाडं चालूच.

रिकाम्या खोलीचा व्हिडिओ काढा, नळ चालू करून, पंखे-दिवे लावून, फरशी, भिंती, मीटर. मग साध्या कागदावर चार ओळी: अमुक तारखेला खोलीचा रिकामा ताबा आणि तीन किल्ल्या मिळाल्या, मीटर रीडिंग इतकं, भाडं व लाईट बिल पूर्ण, डिपॉझिटपैकी इतके कापून इतके परत दिले, आता एकमेकांचं काही येणं-देणं नाही. दोघांच्या सह्या, एक साक्षीदार. पैसे राहिले असतील तर शेवटचं वाक्य लिहू नका. त्याऐवजी ‘बाकी रुपये इतके अमुक तारखेपर्यंत देणार’ असं लिहा. ‘सही करा, पैसे देतो नंतर’ या बोलण्यावर येणं-देणं संपल्याची सही करणारे दरवर्षी भेटतात.

मालक किल्ल्या घ्यायलाच टाळत असेल, म्हणजे आज नाही उद्या, तर मेसेज करा की अमुक दिवशी अमुक वाजता ताबा द्यायला हजर आहे. त्या वेळी दोन जणांना घेऊन जा, व्हिडिओ काढा, आणि लगेच लिहून कळवा.

उलटही होतं. मुदत बाकी असताना किंवा वाद चालू असताना मालक पाणी बंद करतो, लाईट तोडतो. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ प्रमाणे मालकाला अत्यावश्यक सेवा तोडता येत नाही. हे शांतपणे सांगितलं तरी बऱ्याचदा मोटर परत चालू होते.

पैसे दिलेच नाहीत तर

दोन आठवडे थांबा, माणसाची अडचण समजून घ्या, हप्त्याने घ्यायची तयारी दाखवा. मग दोघांच्या ओळखीतला वजनदार माणूस मध्ये घ्या. २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेतून गावोगावी समित्या झाल्या, तुमच्या गावातली चालू असेल तर असा विषय तिथे मिटू शकतो. नाही मिटला तर बारामती कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समिती असते. दावा दाखल करण्याआधीच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं, कोर्ट फी लागत नाही, आणि तिथे झालेली तडजोड कोर्टाच्या हुकुमनाम्यासारखी पक्की असते. दिवाणी दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. पंधरा-वीस हजारांसाठी वकील लावून दावा परवडत नाही हे मी स्पष्ट सांगतो, पण वकिलाची एक नोटीस परवडते.

कुणीतरी तुम्हाला सांगेल की ‘नवीन कायद्यात दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही.’ ते २०२१ च्या केंद्राच्या आदर्श भाडेकरू कायद्यात आहे, आणि तो राज्याने स्वीकारल्याशिवाय इथे लागू होत नाही. त्या भरवशावर वाद घालू नका.

आपले काही प्रेक्षक घरमालकही आहेत, वर दोन खोल्या काढून भाड्याने देणारे. तुम्हाला एवढंच सांगतो: डिपॉझिट आलं की पोस्टात किंवा बँकेत वेगळी ठेव करा, व्याज तुमचं. आणि भाडेकरू येतानाच खोलीचा व्हिडिओ दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा. जाताना वाद झालाच तर तो तुमच्याही बाजूने बोलेल.

पत्ता बदलला की धंद्याचे कागद

घरगुती गोष्टी पटकन: गॅस लांब न्यायचा असेल तर एजन्सीत सिलिंडर-रेग्युलेटर जमा करून टर्मिनेशन व्हाउचर आणि अनामत परत घ्या, मतदार यादीसाठी फॉर्म ८, आधार आणि बँकेत नवीन पत्ता.

धंद्याचं मात्र मागे ठेवू नका. जीएसटी नंबर असेल तर मुख्य ठिकाणाचा पत्ता बदलल्यापासून पंधरा दिवसांत पोर्टलवर दुरुस्ती टाकायची असते. त्याला नवीन मालकाचा करार किंवा संमतीपत्र आणि त्याच्या लाईट बिलाची प्रत लागते. म्हणून नवीन घर ठरवतानाच विचारा, ‘दादा, लाईट बिलाची प्रत आणि संमतीपत्र द्याल ना?’ नंतर विचारलं तर काही मालक बिचकतात, त्यांना वाटतं घरावर काहीतरी नोंद होईल. उद्यम नोंदणीतला पत्ता पोर्टलवर फुकट बदलतो, त्यासाठी कुणाला पाचशे रुपये देऊ नका. शॉप ॲक्टची नोंद असेल तर तिथेही बदल कळवा. डबेवाल्या ताईंनी लक्षात ठेवा, अन्न परवान्याची नोंदणी ही त्या जागेची असते. स्वयंपाकघर बदललं की जुन्या नंबरवर तसंच चालू ठेवायचं नाही, नवीन जागेची नोंद करून घ्यायची.

आणि गिऱ्हाईक. जुन्या घराच्या गेटवर महिनाभर एक छोटा बोर्ड राहू द्यायला मालकाला विचारा: ‘शिलाई काम आता अमुक ठिकाणी, मोबाईल नंबर अमुक.’ गुगल मॅपवरचा पत्ता हलवायच्या आदल्या रात्रीच बदला. हिशेब गोडीत झाला असेल तर काकूच येणाऱ्या बायकांना नवीन पत्ता सांगतात, त्याला बोर्डही लागत नाही.

ताबापावतीचा कोरा नमुना छापण्यासारखा करून व्हिडिओच्या खाली दिला आहे. दोन प्रती काढा, एक मालकाची, एक तुमची.